बीपी विचारता, शुगर विचारता, मग हेही विचारा की

मागच्या वर्षी रूटीन चेकअपला गेलो तर भरायला दोन पानी फॉर्म दिला. बीपी आहे का, शुगर आहे का, वडिलांना हार्टचं काही होतं का, सिगरेट किती, दारू किती, झोप किती, जिना चढताना धाप लागते का, संडासला साफ होतं का. संडासची चौकशी करताना कुणाला लाज वाटली नाही. पण पन्नाशीकडे निघालेल्या पुरुषाच्या रक्तवाहिन्यांची खबर बऱ्याचदा ज्या प्रश्नातून सगळ्यात आधी कळते तो प्रश्नच त्या दोन पानांत नव्हता. लिंगाला ताठरता येते का, आली तर टिकते का, गेल्या वर्षभरात काही फरक पडलाय का. बास, एक ओळ.

माझं म्हणणं असं की चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाला, आणि शुगर-बीपी असेल तर त्याच्या आधीपासूनच, हा प्रश्न डॉक्टरनं स्वतःहून विचारायला हवा. पेशंट विषय काढेल याची वाट बघत बसू नये, कारण पेशंट काढत नाही हो. तो पाठदुखी सांगेल, ॲसिडिटी सांगेल, उठून दारापर्यंत जाईल, मागे वळून "अजून एक होतं" म्हणेल आणि मग "जाऊ दे, पुढच्या वेळी" म्हणून निघून जाईल. का, तर आपण सगळ्यांनी मिळून शरीराच्या या एका क्रियेला मर्दानगीचं सर्टिफिकेट करून टाकलंय. सर्टिफिकेट हरवलं हे कोण स्वतःच्या तोंडानं सांगणार?

आता हे होतं कसं ते आधी बघू, कारण बहुतेकांच्या डोक्यात (माझ्याही कित्येक वर्षं) चित्र बरोब्बर उलटं असतं. आपल्याला वाटतं की हा ताकदीचा मामला आहे, जोर पाहिजे, दम पाहिजे. प्रत्यक्षात लिंगात हाड नाही, आणि दंड फुगवावा तसा हुकमावर फुगेल असा स्नायूही नाही. आत स्पंजासारख्या दोन नळ्या असतात, त्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात आणि हे स्नायू दिवसभर आवळून बसलेले असतात. म्हणजे लिंग सैल असतं तेव्हा आतले स्नायू ताणलेले असतात आणि लिंग ताठ होतं तेव्हा ते स्नायू सैल पडलेले असतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापायची चूक वाटली होती.

स्पर्श झाला, काही दिसलं, नुसतं मनात आलं, की कण्याच्या खालच्या टोकाकडून निघणाऱ्या नसा सिग्नल देतात. नसांची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्यानं आतल्या पेशींत सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन वाढतं, स्नायू ढिले पडतात, धमन्या रुंदावतात आणि स्पंज रक्तानं भरतो. भरता भरता तो बाहेरच्या चिवट आवरणावर दाबला जातो आणि त्या दाबाखाली रक्त परत नेणाऱ्या शिरा चेपल्या जातात. येणारं वाढलं, जाणारं अडलं. झाली ताठरता. मग पीडीई-५ नावाचं एक एन्झाइम ते सायक्लिक जीएमपी संपवत राहतं आणि सगळं पूर्वपदावर येतं. ती प्रसिद्ध निळी गोळी, व्हायग्रा, काय करते, तर या सफाई कामगाराला थोडा वेळ रोखून धरते. म्हणजे गोळी इच्छा निर्माण करत नाही, सिग्नलही निर्माण करत नाही, सिग्नल आला असेल तर त्याचा परिणाम टिकवते. नुसती गोळी गिळून टीव्ही बघत बसलं तर काहीही होत नाही, हे माहीत नसलेले लोक "गोळी माझ्यावर चाललीच नाही" म्हणून घाबरून जातात.

रक्तानं होतं ही गोष्ट आज उघड वाटते पण शेकडो वर्षं शिकलेसवरलेले लोक सुद्धा लिंगात हवा भरते असंच मानत होते. फाशी दिलेल्या माणसांच्या शरीरात तिथे रक्त साचलेलं असतं हे बघून, हा हवेचा खेळ नाही असं लिहून ठेवणाऱ्यांत लिओनार्दो दा विंची होता. चित्रकाराला दिसलं ते पंडितांना दिसलं नव्हतं.

आणि आवळून धरणारं खातं कुठलं? तर संकटाचं. वाघ दिसला की पळायला लावणारी जी मज्जासंस्था, ॲड्रेनलीनवाली, तीच हे स्नायू आवळते. शरीराच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, जीव वाचवायचा असताना रक्त पायांना पाहिजे. फक्त शरीराला खरा वाघ आणि "आज जमेल ना?" हा विचार यातला फरक कळत नाही. एकदा जमलं नाही, दमलेला होता, दारू जास्त झाली होती, काहीही असेल, की पुढच्या वेळी माणूस जोडीदारासोबत कमी आणि स्वतःवर नजर ठेवत जास्त असतो, स्वतःच्याच पलंगाशेजारी उभा राहून मॅच बघितल्यासारखा. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीनं १९७० मध्येच या प्रेक्षक होऊन बसण्याबद्दल लिहिलं होतं. पुढे किन्से इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या लैंगिक संशोधन संस्थेतल्या बँक्रॉफ्ट आणि यान्सन यांनी मांडलं की लैंगिक उत्तेजनेला ॲक्सिलरेटर असतो तसा वेगळा ब्रेकही असतो, आणि दोन्ही माणसागणिक कमीजास्त असतात. आपल्याकडचे सगळे उपाय, सल्ले, जाहिराती बघा, सगळे ॲक्सिलरेटर दाबायला सांगतात. ब्रेकवर पाय आहे तो काढ, असं कुणी सांगत नाही कारण त्याची बाटली विकता येत नाही.

वीर्य बाहेर पडण्याचं काम मात्र त्याच संकटवाल्या, घाईवाल्या खात्याकडे आहे. त्यामुळे टेन्शनमधल्या माणसाचं एकतर ताठ होत नाही नाहीतर झालंच तर लगेच आटपतं, यात नवल काही नाही. पण लगेच म्हणजे किती? पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन, लिंग आत गेल्यापासून वीर्य बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजायला लावलेला एक अभ्यास २००५ मध्ये आला, त्यात मधला आकडा ५.४ मिनिटं निघाला. मिनिटं बरं का, तास नाही. कमीतकमी अर्ध्या मिनिटाच्या आसपास, जास्तीत जास्त ४४ मिनिटं, आणि निम्मी दुनिया साडेपाच मिनिटांच्या आत. ही एक ओळ शाळेत शिकवली असती तर किती पोरांची झोप वाचली असती. लांबीचंही तेच, १५ हजारांवर पुरुषांची मोजमापं एकत्र केली तर ताठ लिंगाची सरासरी १३ सेंटीमीटरच्या जरा वर येते, आणि आपण कमी पडतो असं समजणारे बरेचसे या सरासरीच्या आसपासचेच असतात.

आता रात्रीकडे वळू, कारण मला या विषयात सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट तिथे आहे. निरोगी पुरुषाला झोपेत रोज रात्री साधारण तीन ते पाच वेळा ताठरता येते, एकेक वेळ वीस-पंचवीस मिनिटं किंवा जास्त, आणि ती बहुतेक करून आरईएम झोपेत, म्हणजे डोळे भिरभिरतात त्या स्वप्नांच्या झोपेत येते. स्वप्न परीक्षेचं असलं तरी येते. सकाळी उठल्यावर दिसते ती यातलीच शेवटची, लघवी तुंबली म्हणून येते ही समजूत खरी नाही. अगदी पोटातल्या बाळालाही ताठरता येते हे सोनोग्राफीत दिसलंय. झोपेत ना जोडीदार, ना परीक्षा, ना प्रेक्षक. त्यामुळे रात्री आणि सकाळी व्यवस्थित होतंय पण ऐनवेळी होत नाही, तर घोळ बहुधा मनाच्या ब्रेकमध्ये आहे. तिथेही हळूहळू बंद झालं असेल तर नळ्या, नसा किंवा हार्मोन्सकडे बघायला हवं. हा नियम शंभर टक्के नाही, झोप खराब असली किंवा काही औषधं चालू असली तर गडबड होते, पण दिशा कळते. १९८० मध्ये काही डॉक्टरांनी यासाठी पोस्टाची तिकिटं वापरली होती! झोपताना लिंगाभोवती तिकिटांची पट्टी गुंडाळून चिकटवायची, सकाळी छिद्रांच्या रेषेवर फाटलेली दिसली तर रात्री काम झालं म्हणायचं. आता मशीनं आहेत, पण "सकाळी होतं का?" या प्रश्नाला मशीन लागत नाही.

मग हार्टचा काय संबंध? लिंगाच्या धमन्यांचा व्यास असतो १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या मुख्य धमन्यांचा ३ ते ४. आतलं अस्तर दोन्हीकडे त्याच जातीचं, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं. सिगरेट, वाढलेली शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, या सगळ्यांचा पहिला हल्ला या अस्तरावर होतो, आणि अस्तर सगळीकडे एकदमच खराब होत असलं तरी बारीक नळीत त्याचा परिणाम आधी जाणवणार, मोठ्या नळीत नंतर. म्हणून बऱ्याच पुरुषांत ताठरतेची तक्रार हार्टच्या तक्रारीच्या दोन ते पाच वर्षं आधी आलेली असते. २००५ मध्ये ५५ वर्षांवरच्या ९ हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास छापून आला, त्यात ही तक्रार असणाऱ्यांना पुढे हार्ट-पॅरालिसिसचा जो जादा धोका दिसला तो सिगरेट ओढण्याइतका किंवा घरात हार्ट अटॅकचा इतिहास असण्याइतका होता. ब्रिटनमध्ये हार्टचा धोका काढायचं क्यूरिस्क नावाचं गणित डॉक्टर वापरतात, त्याच्या २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत पुरुषांसाठी हा मुद्दा रीतसर घातलाय. म्हणजे मी काही क्रांतिकारक मागत नाहीये, जे गणितात आलंय ते फॉर्ममध्ये आणा एवढंच.

यातली सगळ्यात गमतीची (आणि रागाची) गोष्ट म्हणजे ती गोळी मुळात हार्टवरचीच होती. सिल्डेनाफिल हे औषध फायझर कंपनीचे लोक इंग्लंडमधल्या सँडविच गावच्या लॅबमध्ये बीपी आणि अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी तपासत होते. छातीसाठी फार काही जमलं नाही पण ट्रायलमधल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत व्हायग्राला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना नोबेल मिळालं, कशासाठी, तर नायट्रिक ऑक्साइड हा हृदय आणि रक्तवाहिन्यांमधला निरोप्या आहे हे दाखवल्याबद्दल. एकाच वर्षी शास्त्रानं दोन्ही टोकं आपल्या हातात दिली होती. आपण गोळी उचलली आणि हार्टचा धागा सोडून दिला.

आता तर दोन मिनिटांत मोबाइलवर दोन-चार टिक मारून गोळ्या घरपोच येतात, बीपी मोजणारं कुणी नाही, शुगर बघणारं कुणी नाही. गोळीनं काम होतं, माणूस खूश, आणि ज्या धमन्यांनी निरोप पाठवला होता त्या आत तशाच बुजत राहतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी गोळीच्या विरोधात नाही हे स्पष्ट सांगतो, औषध चांगलं आहे, बहुतेकांना सुरक्षित आहे, लाखो घरांत त्यानं सुख आणलंय. पण छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी, जिभेखाली ठेवतात ती, घेणाऱ्यानं ही गोळी घेतली तर बीपी एकदम इतकं खाली येऊ शकतं की जीव जाईल. आणि मर्दानी ताकदीच्या "शंभर टक्के हर्बल" कॅप्सूल असतात ना, त्यातल्या कितीतरींमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला तपासणीत न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल सापडलेलं आहे आणि तसे इशारे ते वर्षानुवर्षं काढत आलेत. म्हणजे हार्टचा पेशंट लाजेपायी डॉक्टरकडे जात नाही, जडीबुटी म्हणून कॅप्सूल घेतो, आणि त्यात नेमकं तेच निघतं जे त्याला चालत नाही. लाजेची किंमत म्हणतात ती ही.

तसा हा बाजार जुनाच आहे. १८८९ मध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या नामांकित शास्त्रज्ञानं, वय ७२, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि पॅरिसमध्ये भर सभेत सांगितलं की मी पुन्हा तरुण झालो. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात टेस्टोस्टेरॉन नावालाही उतरत नाही हे आज आपल्याला माहीत आहे, म्हणजे म्हातारबुवांना जे वाटलं ते मनानंच वाटलं. त्यानंतर १९२० च्या दशकात वोरोनोफ नावाचा सर्जन श्रीमंत म्हाताऱ्यांच्या वृषणांवर माकडाच्या वृषणाचे काप शिवत होता. हसू येतं, पण आज जिममध्ये बॉडी दिसावी म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं मारणारा पोरगा या लोकांपेक्षा फार शहाणा नाही. बाहेरून हार्मोन आला की मेंदू म्हणतो पुरेसा आहे, तो वृषणांना कामाचा हुकूम देणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं बंद करतो, आणि शुक्रजंतूंचा कारखाना थंडावतो, वृषण आकारानं लहान होतात. हे इतकं भरवशाचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं टेस्टोस्टेरॉनची साप्ताहिक इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिली होती. मर्द दिसायला घेतलं आणि बाप होता येईना. बंद केल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं पण महिने जातात, कधी वर्ष-दोन वर्षं, कारण एक शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात.

आणि इथे मूळ घोळ कळतो. इच्छा होणं, ताठरता येणं, वीर्य बाहेर पडणं, शुक्रजंतू असणं, हार्मोन पुरेसं असणं, या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. पाचही वेगवेगळ्या बिघडू शकतात. उत्तम ताठरता असलेल्या माणसाच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नसू शकतो, कारण वीर्यात वृषणाकडून येणारा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के, बाकी सगळं वीर्यकोश आणि प्रोस्टेटचं पाणी, डोळ्यांना काय कळणार. उलट ताठरता न येणाऱ्याचे शुक्रजंतू ठणठणीत असू शकतात. पण आपल्या भाषेत या पाचांना मिळून एकच शब्द, नपुंसक, आणि तो शब्द निदान नाही, शिवी आहे. इंग्रजीतही असाच एक शब्द होता, इम्पोटन्स, अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९२ च्या परिषदेनं ठरवून तो बाजूला केला आणि नुसतं "ताठरतेतला बिघाड" अशा अर्थाचं कोरडं नाव घेतलं. कोरडं नाव बरं असतं, त्यात डोळ्यांत डोळे घालून बोलता येतं. मूल होत नसलेल्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून, आणि वीर्याची तपासणी ही त्यातली सगळ्यात सोपी तपासणी. तरी सोनोग्राफ्या आणि सुया आधी बाईच्या वाट्याला, आणि नवऱ्याचा रिपोर्ट "बघू नंतर". पुरुषांच्या लाजेचं बिल बायका भरतात ते असं.

मर्दानगीचा हा गोंधळ अजून एका ठिकाणी फार क्रूर होतो. ताठरता म्हणजे इच्छा, आणि इच्छा म्हणजे संमती, असं आपण धरून चालतो. ताठरतेचा एक मार्ग नुसता कण्याच्या पातळीवरचा आहे, स्पर्श झाला की प्रतिक्षिप्त क्रिया, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तशी. कण्याला वरच्या बाजूला इजा होऊन कमरेखालचं काहीच जाणवत नाही अशा पुरुषांनाही ती येते. त्यामुळे ज्या मुलावर किंवा पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला त्याला "पण तुला तर झालं होतं ना" असं म्हणणं म्हणजे कांदा कापताना डोळ्यांत पाणी आलं म्हणून तू दुःखी होतास म्हणण्यासारखं आहे. कितीतरी जण याच एका गोष्टीमुळे आयुष्यभर तोंड उघडत नाहीत, त्यांना वाटतं आपलं शरीर फितूर झालं.

माझ्या मागणीवर आक्षेप येतात, ते बिनबुडाचे नाहीत. एक म्हणजे, वयाबरोबर हे होणारच, त्याचा आजार कशाला करायचा? मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते १९८९ मध्ये ४० ते ७० वयाच्या सुमारे १,३०० पुरुषांची पाहणी झाली, सौम्य-मध्यम सगळं धरून ५२ टक्क्यांना काही ना काही त्रास होता, मग निम्म्या पुरुषजातीला पेशंट म्हणायचं का? औषध कंपन्यांनी हा आकडा मिरवून धंदा केला यात शंका नाही. पण मी गोळी द्या म्हणतच नाहीये, विचारा म्हणतोय. सत्तरीतल्या माणसाला आणि त्याच्या जोडीदाराला काही अडत नसेल तर काहीही करू नका. पण बेचाळिसाव्या वर्षी वर्षभरात फरक पडलाय असं कुणी म्हणालं तर ते वय नाही, ती शुगर असू शकते.

दुसरा आक्षेप जास्त पेचात टाकणारा आहे. विचारलं की माणसाच्या डोक्यात किडा सोडल्यासारखं होत नाही का? होतं! इटलीत हार्टच्या ९६ पेशंटांवर झालेला प्रयोग २००३ मध्ये छापून आला. सगळ्यांना ॲटेनोलॉल, बीपी-हार्टची एक साधी गोळी. ज्यांना गोळीचं नाव सांगितलं नाही त्यांच्यात ताठरतेची तक्रार ३ टक्क्यांना, नाव सांगितलं पण या साइड इफेक्टबद्दल काही बोलले नाहीत त्यांच्यात साधारण १५ टक्क्यांना, आणि ज्यांना "यानं तो त्रास होऊ शकतो" असं स्पष्ट सांगितलं त्यांच्यात ३१ टक्क्यांना. गोळी तीच. मी हा प्रयोग वाचून दोन दिवस माझंच मत तपासत होतो. पण माझ्या मते यातून विचारू नका असं निघत नाही, कसं विचारायचं ते निघतं. गंभीर चेहरा करून, आवाज खाली आणून, दार लोटून विचारलं की पेशंटला वाटणार काहीतरी भयंकर आहे. झोप कशी आहे, भूक कशी आहे, सकाळची ताठरता येते का, लघवीला रात्री किती वेळा उठता, असं ओळीत, त्याच सुरात विचारलं की ती नुसती माहिती होते. नाहीतरी आज काय होतं, त्रास झालेला माणूस काही न बोलता बीपीची गोळीच बंद करून टाकतो आणि डॉक्टरला पत्ता नसतो.

तिसरं, तरुणांचं काय, त्यांच्या धमन्या तर चांगल्या असतात? असतात, बऱ्याचदा त्यांचं ब्रेकचंच काम असतं, आणि म्हणूनच त्यांना गोळीपेक्षा साडेपाच मिनिटांचा तो आकडा आणि रात्रीची माहिती जास्त उपयोगी. शिवाय लाज ही ताठरतेपुरती राहत नाही. वृषणाला पीळ पडण्याचा एक प्रकार असतो, जास्त करून वयात येणाऱ्या पोरांत, अचानक भयंकर दुखतं, उलट्या होतात, आणि साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वृषण बहुधा वाचतं, नंतर शक्यता भराभर घटते. पोरगं "पोटात दुखतंय" एवढंच सांगतं कारण त्या अवयवाचं नाव घरात कधी कुणी उच्चारलेलंच नसतं. वृषणाचा कॅन्सरही तरुण वयातलाच, लवकर सापडला तर जवळपास नेहमी बरा होणारा, आणि सापडतो कसा, तर आंघोळीच्या वेळी हाताला न दुखणारी गाठ लागते. लागली तर कुणाला तरी सांगावी लागते.

आणि सांगून उपयोग काय असं वाटत असेल तर इटलीतलाच २००४ चा अजून एक अभ्यास बघा. ताठरतेची तक्रार असलेले ११० लठ्ठ पुरुष, निम्म्यांना वजन कमी करायला आणि हालचाल वाढवायला नीट पाठपुरावा करून मदत केली, निम्म्यांना नुसती माहिती दिली. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या ५५ पैकी १७ जणांचं काम पूर्ववत झालं होतं, दुसऱ्या गटात ३ जणांचं. गोळी नाही, काही नाही. सतरा हा काही चमत्काराचा आकडा नाही पण पोटाचा घेर कमी करा म्हणून घसा कोरडा करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात याहून चांगलं कारण नसेल. हार्ट अटॅकची भीती दाखवून न हललेले पुरुष या कारणासाठी चालायला जातील, मी पैज लावतो.

यंदाच्या चेकअपला फॉर्म तोच होता. शेवटी "इतर काही तक्रार" अशी रिकामी ओळ असते, तिथे मी पेनानं लिहिलं की सकाळची ताठरता सहा-सात महिन्यांपासून कमी झालीय. लिहिताना हात जरा अडखळलाच, एवढं सगळं वाचलेलं असूनही. डॉक्टर माझ्यापेक्षा तरुण, त्यांनी ती ओळ वाचली, कान थोडे लाल झाले, मग विचारलं की कधीपासून म्हणालात, आणि वडिलांना शुगर होती का. होती म्हणालो. त्यांनी लिस्टमध्ये तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट वाढवली आणि म्हणाले, बरं झालं लिहिलंत, मी हे कुणाला विचारत नाही.